आप्पांची झडती

जेलच्या फाटकावर ‘माझी झडती घ्या’ म्हणून शिपायाशी भांडणारा माणूस मी एकच पाहिला. शिपाई बिचारा अवघडून उभा. “आप्पा, तुम्ही खात्यातले. सुभेदार होऊन रिटायर झालात. तुमची काय झडती घ्यायची?” आणि आप्पा दोन्ही हात आडवे पसरून, नजर समोरच्या भिंतीवर. “व्हतो तवा व्हतो. आता मी भायेरचा माणूस हाय. भायेरच्या माणसाची झडती घेत्यात. घे.”

मग पट्टा निघायचा. पेन, चुन्याची डबी, चष्म्याचं घर, बनियनला आतून लावलेली सेफ्टी पिन, सगळं एकेक करून टेबलावर. प्रत्येक वस्तू वहीत लिहून घेतल्याशिवाय आप्पा पाय उचलत नसत. शिपायानं ‘इतर किरकोळ’ असं लिहिलं तर ते खोडायला लावत. मी मागे ताटकळत उभी. आम्हाला आत बसायची परवानगी दोन तासांची, आणि त्यातली चाळीस मिनिटं ही अशी फाटकावर जायची. शेवटी आप्पा माझ्याकडे वळत. “मॅडम, केसातल्या पिना.”

पिना काढून मोकळ्या केसांनी मी आत जायची आणि उरलेला वेळ दातओठ खात काम करायची. असं सहा वर्षं चाललं. हल्ली गुडघ्यांमुळे त्यांचं येणं बंद झालंय. फाटकावर आता पाच मिनिटं लागतात, आणि खरं सांगते, मला सुखाचं वाटतं.

आमची संस्था छोटी. शिरूरला खतांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. ज्या कैद्यांवर लैंगिक अत्याचार झालाय, तुरुंगात येण्याआधी असो की आल्यावर, त्यांच्याशी बोलायला एक माणूस असावं, डॉक्टर आणि वकील मिळावा, यासाठी कारागृह खात्याशी करार करून आम्ही काम करतो. मी समुपदेशक. कारेगावला राहते. काम सुरू झालं तेव्हा खात्यातल्या एका साहेबांनी सुचवलं की आतली पद्धत माहीत असलेला एखादा निवृत्त माणूस बरोबर घ्या, नाहीतर तुमचं पाऊल पडायचं नाही. असे आप्पा आले. यवतजवळ त्यांचं घर. चौफुल्याला बस बदलून न्हावऱ्यावरून शिरूरला यायचे. ऑफिस दहाचं, तर आप्पा साडेआठला येऊन जिन्यात बसलेले, आणि मी दहाला पोचले की घड्याळाकडे बघणार.

ही हकिगत कोणत्या जेलची ते लिहीत नाही. माणसांच्या खाणाखुणाही बदलल्या आहेत. ज्याची हकिगत आहे त्याला विचारूनच लिहिते आहे.

आप्पांचं एक वाक्य होतं. कुठलाही कागद समोर आला की, “हे वाचणार कोण?” मी चार दिवस खपून अहवाल तयार करावा, आप्पांनी तो उलटासुलटा करून बघावा आणि विचारावं, हे वाचणार कोण? हजेरीपत्रक, पत्रकं, भिंतीवर लावायचं पोस्टर, सगळ्याला तोच प्रश्न. एकदा तर हॉटेलात जेवणाची यादी घेऊन आलेल्या वेटरलाही विचारलं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला कागदाची चीड आहे. शिकलेल्या बाईनं लिहिलेलं वाचायला कमीपणा वाटतो. तसं मी घरी बोलूनही दाखवलं होतं.

पहिल्याच महिन्यात जेलमधल्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण ठेवलं. मी प्रोजेक्टर भाड्यानं आणला, स्लाइड केल्या. पुरुष कैद्यांवरही असा अत्याचार होतो, असं मी म्हणाले आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याच्या शेजारचा, मग सगळी रांग. मला असल्या हसण्याची सवय होती. मी पुढची स्लाइड लावणार तेवढ्यात आप्पा उठले.

“हसू द्या त्यांना,” ते मला म्हणाले. मग रांगेकडे वळून, “हसा. पोटभर हसून घ्या. धा मिन्टं देतो.” आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून उभे राहिले.

एक मिनिटभर हसू टिकलं. मग खोकल्यासारखं झालं. मग कुणी पाय हलवले, कुणी टोपी नीट केली. नऊ मिनिटं त्या हॉलमध्ये पंख्याशिवाय आवाज नव्हता, आणि आप्पांनी घड्याळावरून डोळे हलवले नाहीत. दहा मिनिटं पूर्ण झाल्यावर, “झालं हसून? आता मॅडम सांगत्यात ते ऐका,” म्हणून खाली बसले. नंतर कुणी हसलं नाही हे खरं. पण माझ्या चाळीस मिनिटांतली दहा गेली, बलात्काराच्या तक्रारीचं काय करायचं याच्या शेवटच्या स्लाइड राहून गेल्या, आणि त्याच सगळ्यात महत्त्वाच्या होत्या. परतीच्या वाटेवर मी हे सुनावलं तर म्हणाले, “त्या पुढच्या टायमाला दावा. तवा कुनी हसायचं न्हाई.”

मग बसायच्या जागेचा घोळ. आम्हाला खोली मिळाली ती जेलच्या ऑफिसला लागून, मध्ये प्लायवूडची भिंत. दारात शिपाई. कैदी येऊन बसायचे आणि भाजीपाण्याच्या गप्पा मारून जायचे. आप्पांनी जेलच्या नियमपुस्तकातला नियम काढून दाखवला. भेट पहाऱ्याच्या नजरेत असावी, पण कानावर पडू नये. म्हणजे किती अंतर, ते पुस्तकात नव्हतं. झालं. आप्पांनी एक बाकडं अंगणात लिंबाच्या झाडाखाली ठेवलं, शिपायाला दारात उभं केलं, आणि माणसं जीवाभावाचं बोलतात तेवढ्या हळू आवाजात पाढे म्हणायला लागले.

“काय ऐकलंस?”

“सतराचा पाढा म्हणताय, आप्पा.”

बाकडं चार पावलं मागे. पुन्हा पाढा.

“आता?”

“तेराचा का?”

आणखी चार पावलं. “काहीतरी पुटपुटताय एवढं कळतंय.” आणखी मागे. असं करत करत शिपायाला काहीच ऐकू येईना तेव्हा बाकडं थांबलं. ते थांबलं बरोबर लिंबाच्या सावलीबाहेर, भर उन्हात. सावली सगळी कानाच्या टप्प्यात होती. मी म्हटलं, “आप्पा, दोन पावलं अलीकडं घेऊ, सावलीला.” तर, “दोन पावलांत पाढा कळतोय.” पुढचे सगळे उन्हाळे मी छत्री धरून समुपदेशन केलं. माझ्या डाव्या गालावरचा काळा डाग आप्पांच्या नावावर आहे.

छत्रीचं मी सहन केलं, पण तक्रारपेटीवरून आमची खरी जुंपली. खात्याच्या परवानगीनं एक कुलूपबंद पेटी बसवायची होती, किल्ली फक्त माझ्याकडे. मी म्हणाले, बराकीच्या कोपऱ्यात आडोशाला लावू, म्हणजे टाकणाऱ्याला संकोच नको. आप्पांनी कपाळाला हात लावला. “आडोशाला गेला की सगळ्यांच्या नजरंला आलाच तो. मॅडम, आत माणसाला दुसरं काम काय असतंय? कोन कुठं गेला तेच बघायचं.”

त्यांचं म्हणणं, पेटी मधोमध लावायची आणि आमच्या दर फेरीला प्रत्येक कैद्यानं त्यात चिठ्ठी टाकायची. प्रत्येकानं. लिहायचं नसेल तर कोरी. लिहिता येत नसेल तर रेघ मारून. एका मापाचा कागद, एका रंगाचं पेन. कागद त्यांनी स्वतः घरी बसून कापले आणि रबर लावून आणले.

ते सगळे उघडायचे कुणी? मी. रविवार माझा चिठ्ठ्यांत जायचा. बहुतेक कोऱ्या. काहींवर ‘आमटी पातळ असते’. एकावर बैलाचं चित्र, शिंगं फार छान काढलेली. एकावर ‘मॅडम, छत्रीचा रंग बदला’. मी आप्पांना फोन करून बोलायची, “हे वेळ घालवणं आहे. सहा महिन्यांत एक चिठ्ठी कामाची नाही.” आप्पा म्हणायचे, “उघडत ऱ्हावा.”

आठव्या महिन्यात एक निघाली. ‘माझी बराक बदला. कारण विचारू नका.’ खाली नाव नाही.

असल्या वाक्याला आमच्या कामात फार अर्थ असतो. पण बदलायची कुणाची बराक? मी म्हणाले, अक्षरावरून शोधू, दोघातिघांवर माझा संशय आहे, त्यांना बोलावते. आप्पा म्हणाले, “सगळ्यांना बोलवा.”

“सगळ्यांना?”

“एकट्याला बोलावला की तो उघडा पडला. सगळ्यांना, वळीनं, धा-धा मिन्टं. कुनाला अकरावं मिनिट द्यायचं न्हाई.”

मी चिडून रडायची बाकी होते. तो बिचारा तिथे रात्री काढतोय आणि आम्ही नंबर लावून सगळ्या जेलला भेटत बसायचं. पण आप्पा बाकड्यापासून लांब, शिपायाच्या शेजारी घड्याळ घेऊन उभे राहिले आणि रांग सुरू झाली. दोन फेऱ्या तशाच गेल्या. कुणी गावाकडचं सांगितलं, कुणी वकिलाला शिव्या घातल्या.

तिसऱ्या फेरीला एक टेम्पोवाला आला. तिशी ओलांडलेला, तालमीतलं शरीर, गालभर मिशा. रांजणगावच्या कारखान्यांचा माल वाहायचा. मारामारीच्या केसमध्ये कच्चा कैदी म्हणून आत होता. माझ्या संशयाच्या यादीत तो शेवटचाही नसता. नऊ मिनिटं तो मला क्लच प्लेटविषयी सांगत होता. मी घड्याळाकडे बघायला लागले तेव्हा मान खाली घालून म्हणाला, “मॅडम, ती चिठ्ठी माझी हाय.”

मी छत्री त्याच्या बाजूला कलती केली.

“जे बायांवर व्हतं ना, ते गड्यावर व्हतं का?”

“होतं.”

“त्याला काही नाव हाय?”

मी नाव सांगितलं. “नाव हाय म्हंजी आधी कुनावर तरी झालं असनार,” असं तो म्हणाला आणि उठला, कारण लांबून आप्पांनी हात वर केला होता. दहा मिनिटं झाली होती. त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचं घड्याळ फोडावंसं वाटलं. पण उरलेल्या सगळ्यांनाही दहाच मिनिटं मिळाली, आणि टेम्पोवाला रांगेतला एक माणूस होऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी अहवाल भरला. ठरलेला तक्ता होता. कैद्याचं नाव, गुन्हा, घडलेला प्रकार, शिफारस. गोपनीय म्हणून सीलबंद पाकिटात घालून जेलर साहेबांच्या नावे द्यायचा होता. आप्पांनी तो मागितला. वाचला. मग शांतपणे कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठाचं झाकण काढलं आणि कागद आत बुडवला.

मी ओरडले. सहा वर्षांत तेवढी कधी ओरडले नाही. खालच्या दुकानातला माणूस जिना चढून वर आला. “दोन तासांचं काम होतं ते. सीलबंद जाणार होतं.”

“पाकीट फोडणार कोण?” आप्पा म्हणाले.

“जेलर साहेब.”

“साहेब टपाल सोता फोडत न्हाईत. फोडनारा दुसरा, नोंद करनारा तिसरा, फाइल लावनारा चौथा.” मग खालच्या माणसाला जा म्हणाले आणि खुर्चीवर बसले. असे ते कधी बसत नसत, कायम कडेला टेकलेले.

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील, तेव्हा ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका जेलात हवालदार होते. एका सकाळी विशीतला एक कैदी त्यांच्याजवळ आला आणि त्याच्यावर काय झालं ते त्यानं सांगितलं. आप्पांनी नियमाप्रमाणे सगळं केलं. ऑफिसात नेलं, जबाब घेतला, वहीत नावासकट, प्रकारासकट नोंद केली. ऑफिसात लिहिण्याचं काम करणारा एक कैदीच होता, त्याला रायटर म्हणत. त्याच्या वाचनात ते आलं. दुपारपर्यंत अख्ख्या बराकीनं त्या मुलाला एक नाव ठेवलं होतं. संध्याकाळी त्यानं जबाब मागे घेतला. दोन दिवसांनी फिनेल प्यायला. वाचला. मग त्याची बदली दुसऱ्या जेलला झाली.

“आन् मला शाबासकीचं पत्र,” आप्पा म्हणाले. “तत्परतेनं नोंद घेतल्याबद्दल. सर्व्हिस बुकात हाय.”

ऐकूनही माझा राग गेला नाही. हे त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर मी इतके दिवस त्यांच्याशी भांडले नसते. तसं म्हणाले तर उत्तर आलं, “तुमी भांडला म्हनून काम अडलं का?”

बराक बदलायची होती. आप्पा आणि मी जेलर साहेबांना भेटलो. आप्पांनी सांगितलं, एक जण आहे, नाव सांगणार नाही, सगळ्यांना हलवा. साहेब सज्जन होते पण त्यांचाही संयम सुटला.

“आप्पा, तुम्ही सुभेदार असताना कुणी तुम्हाला असं येऊन सांगितलं असतं, तर काय केलं असतंत?”

“हाकलला असता.”

“मग?”

“चुकलो असतो, साहेब.”

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. मग विचारलं, “सगळ्यांना हलवायला कारण काय दाखवू?” आप्पा तयारीनं आले होते. बराकींच्या भिंतींचे पोपडे निघाले होते, त्यांनी फिरून बघितलं होतं. रंगकाम निघालं. रंगासाठी बराकी रिकाम्या झाल्या, आणि परत भरताना सगळ्यांच्याच जागा बदलल्या. टेम्पोवाला त्या माणसाच्या शेजारातून सुटला. कुणाला काही कळलं नाही. साहेब, आप्पा आणि मी, आम्हा तिघांच्या डोक्याला मात्र महिनाभर चुन्याचा वास होता.

माझं समाधान झालं नव्हतं. गुन्हा घडला होता, करणारा तिथेच जेवत होता. मी टेम्पोवाल्याला दर फेरीला सांगायची, तक्रार दे, मी आहे, वकील आहेत. तो मान हलवून नाही म्हणायचा. आप्पा मला सांगायचे, “त्याच्या मागं लागू नका.” मी म्हणायची, “तुमच्यामुळेच तो घाबरलाय.” कारण आप्पांनी त्यालाही ती फिनेलची हकिगत सांगितली होती. मला हे मुळीच पटलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाला असलं कुणी सांगतं का? आप्पा म्हणाले, “त्याला ठाव असाया पायजे, की आपन काय काय करून बसलोय.”

दोनेक महिन्यांनी तो स्वतःहूनच बोलला. एक नवा कैदी आला होता. चष्म्याशिवाय न दिसणारा, अबोल माणूस. आणि रात्री त्याची वळकटी त्याच गुन्हेगाराच्या शेजारी पडायला लागली होती.

“मला सकाळी त्याचं तोंड बघवंना,” टेम्पोवाला म्हणाला. “माझं लिहून घ्या, मॅडम. पर वाचनार कोन, ते आधी सांगा.”

मी आप्पांकडे पाहिलं. ते लांब उभे होते, त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

जेलची पाहणी करायला न्यायाधीश येतात. आप्पांनी ती तारीख धरली. तक्रार टेम्पोवाल्यानं स्वतःच्या हातानं लिहिली आणि रांगेत सगळे आपापली गाऱ्हाणी देत असताना सरळ न्यायाधीशांच्या हातात दिली. मध्ये कुणी नाही. न्यायाधीशांनी उभ्याउभ्या वाचली, घडी घालून स्वतःच्या फाइलीत ठेवली. त्याच दिवशी तो गुन्हेगार वेगळा ठेवला गेला. गुन्हा नोंदला, टेम्पोवाल्याची वैद्यकीय तपासणी झाली. इतक्या दिवसांनी तपासणीत फारसं निघणार नव्हतं, पण तो नवा कैदीही बोलला. पहिल्याच रात्रीपासून त्याला धमक्या सुरू झाल्या होत्या, अंगाला हात लागायचा तेवढा राहिला होता. केस अजून चालू आहे. टेम्पोवाल्यानं कोर्टात साक्ष दिली. त्याची स्वतःची जामिनावर सुटका झाली.

सुटल्यावर तो ऑफिसात आला, बायकोला घेऊन. ती भांडगावकडे एका पोल्ट्रीत कामाला होती. आत असताना ह्यानं तिची भेट नाकारली होती. चार महिने ती दर महिन्याला यायची आणि फाटकावरून परत जायची. “तिला सांगायचंय,” तो म्हणाला. “एकट्याला जमत न्हाई. तुमी बसा.” आप्पा उठून जिन्यात गेले.

त्यानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. बराच वेळ हातातल्या पिशवीचा बंद पिळत होती. मग म्हणाली, “म्हंजी मी नकोशी झाले म्हनून न्हवं?”

“न्हवं.”

“चार महिने मी त्योच विचार केला,” ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर जोरात एक बुक्की मारली. मग तिला रडू आलं.

निघताना टेम्पोवाला जिन्यात आप्पांजवळ थांबला. “आप्पा, त्या फिनेलवाल्याचं पुढं काय झालं?”

“ठाव न्हाई.”

“गाव ठाव हाय?”

“हाय.”

“मग बघून तरी या की,” तो सहज म्हणाला आणि बायकोच्या मागे उतरून गेला.

ते सहज म्हणणं मला महागात पडलं. पुढच्या आठवड्यात आप्पांनी सांगितलं की ते चाललेत. गाव दौंड तालुक्यातच, भीमेच्या काठाला. म्हणजे इतकी वर्षं त्यांच्या घरापासून दोन तासांवर. मी म्हणाले, अजिबात जायचं नाही. आपल्या कामाचा पहिला नियम आहे, अशा माणसाच्या दारात आपण न बोलावता जात नाही. त्याची बायकापोरं असतील, त्यांना काही माहीत नसेल. “तुम्ही त्याला आठवण करून द्यायला जाताय. कशासाठी? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून.”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “तुमी म्हनता ते खरं हाय.”

“मग?”

“मग काय. जानार हाय.”

मी बरोबर गेले. सोबतीला नाही, अडवायला गेले होते. दौंडपर्यंत बसमध्ये समजावलं, पुढे जीपमध्ये समजावलं. आप्पा खिडकीतून उसाकडे बघत होते.

त्या माणसाची पिठाची गिरणी होती. पन्नाशीचा, भुवयांवर पीठ. दोघी-तिघी बाया डबे घेऊन उभ्या होत्या. आप्पा गिरणीच्या दाराशी थांबले तेव्हा त्यानं मान वर केली आणि एका क्षणात ओळखलं.

“हवालदार,” तो म्हणाला.

बायकोला गिरणीवर उभं करून तो आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेला. शेवग्याखाली खाट होती. मी कोण ते विचारलं. मी सांगितलं, आप्पांबरोबर काम करते. आत चहा सांगितला आणि समोर उकिडवा बसला. वाट बघत होता. आप्पांनी दोनदा घसा साफ केला.

“त्या दिवशी मी ते लिहून घ्यायला नको व्हतं,” ते म्हणाले.

“नको कसं? मीच तर सांगायला आलो व्हतो. लिहिलं ते बरोबर लिहिलं.” त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. “पर तुमी वही उघडी टाकून जेवायला गेला.”

हे आप्पांनी मला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

“व्हय,” आप्पा म्हणाले. “गेलो.”

“माफी मागायला आलाय का?”

“व्हय.”

“ती न्हाई द्यायची मला. राग हाय म्हनून न्हवं. राग कवाच गेला, दुसऱ्या जेलात एक डॉक्टर चांगला भेटला व्हता. पर तुमच्यासाठी म्हनून माझ्याकडं काही ठेवलेलं न्हाई. तुमी घरी जाऊन निवांत झोपचाल. मला मातुर आज रातीला झोप यायची न्हाई.” तो उठला. “आलाय तर चहा घ्या. पर परत येऊ नका.”

त्याच्या मुलीनं चहा आणला. आप्पांनी तो सगळा घेतला, घाई न करता, आणि कप खाटेखाली नीट ठेवला. मला त्यांची कीव येत होती आणि रागही येत होता. दोन्हींचं काय करायचं ते कळत नव्हतं.

आमच्याकडे निघताना ‘जातो’ कुणी म्हणत नाही, अशुभ मानतात. कुणाच्याही घरून उठताना माणूस ‘येतो’ म्हणतो. भांडून निघालेलासुद्धा सवयीनं तेच म्हणतो. आप्पांनी चपला घातल्या, त्या माणसाकडे वळले, बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो गिरणीच्या दाराशी थांबला होता.

“जातो,” आप्पा म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि आत गेला.